पुस्तक आहे, पण मिळणार नाही

तसं नाही हो सर, पुस्तक नाही असं मी म्हटलंच नाही. मिळणार नाही, असं म्हटलं. दोन्हीत फरक आहे की. — तुम्ही बसा आधी. उभं राहून बोलायलात म्हणजे भांडायला आल्यासारखं दिसतं, ती पोरं बघा, वाचायचं सोडून इकडंच बघायलीत. — ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, वर्षभर लिहून देतेय मी, प्राचार्य म्हणतात बजेट आलं की बघू. ही घ्या. — हां. आता सांगा. कॉम्प्युटरवर 'उपलब्ध' दिसतं म्हणता? दिसणारच. मीच भरलंय ते. या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून महानंदा बिराजदार सोडून दुसरं कोण बसलंय भरायला? एक मी आणि एक शिपाई येडूमामा, तेही कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, म्हणतात शॉक बसतो. तर दिसतं ते बरोबर आहे. आणि मिळत नाही तेही बरोबर आहे. — सांगते ना का ते. घाई काय आहे? तुमचा तास अडीचला, मला माहीत आहे.

पण त्याआधी मला तुमच्या त्या कागदाबद्दल बोलू द्या. नाही, बोलू द्याच, महिना झाला मी गप्प बसलेय. हा बघा, माझ्या खणातच आहे. काय लिहिलंय? 'सोलापूरच्या कापड गिरण्या व कामगारजीवन या विषयावर ग्रंथालयातील किमान पाच संदर्भ वापरून दहा पानी निबंध लिहा. इंटरनेटचा वापर करू नये.' संपलं. एसवायच्या अख्ख्या वर्गाला एकच विषय, एकच यादी, एकच शेवटची तारीख. राग मानू नका गुरु सर, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे — हा कागद नोटीस बोर्डावर लावायच्या आधी एकदा तरी जिना उतरून खाली आलात का? मॅडम, या विषयावर आपल्याकडं काय आहे, एवढं विचारायला? नाही आलात. आणि ही खालची यादी तुमच्या पुण्याच्या रिफ्रेशर कोर्समधली आहे, मला काय कळत नाही होय? निम्मी पुस्तकं इंग्रजीतली, आणि उरलेली या इमारतीत कधी आलीच नाहीत. पोरं यादी माझ्यापुढं धरतात, मी म्हणते नाही. दुसरं बोट ठेवतात, नाही. तिसरं, नाही. दिवसभर नाही-नाही म्हणून माझा जबडा दुखायला लागला. आणि वर इंटरनेट नको. अहो, विद्यापीठाकडून आपण एवढी ऑनलाइन मासिकं घेतो, त्याचा पासवर्ड त्या फळ्यावर लिहून ठेवलाय, ती काय पोस्टानं येतात? तेही इंटरनेटच की. पोरांनी विचारलं, मॅडम, हे चालतंय का? मी काय सांगणार? सरांना विचारा म्हटलं. कोणी विचारायला आलं तुमच्याकडं? नाही ना. येत नाहीत. भितात.

मग काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही वर होता. पहिले पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. शेवटच्या आठवड्यात सगळा वर्ग एकदम. त्या टेबलाला गराडा, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न — मॅडम, उत्तर कुठल्या पानावर आहे? मी म्हटलं, अरे बाबांनो, उत्तर कसलं, आधी प्रश्न काय आहे? प्रश्न कुणाकडंच नव्हता. नसणारच, तुम्हीच दिला नव्हता. विषय दिलात तुम्ही, प्रश्न नाही दिलात. 'कामगारजीवन' म्हणजे काय, कुठून धरायचं? एकानं एका पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला, बाकीच्यांनी तीच अनुक्रमणिका संदर्भ म्हणून उतरवून काढली. पुस्तक न उघडता पाच संदर्भ. आणि एक जण तर गिरण्यांच्या नकाशाचं पान फाडूनच घेऊन गेला. — नाही, नाव नाही माहीत. माहीत असतं तर तुमच्यापुढं उभा केला असता. पण त्या पोराला तरी काय म्हणायचं? एक प्रत, साठ जण, उद्या शेवटची तारीख. फाडणारच की कोणीतरी.

मी असते ना तुमच्या जागी — नाही, मी प्राध्यापक नाही, मला माहीत आहे, पण ऐकून तरी घ्या. मी वर्गाला आधी एक तास इथं आणलं असतं. नुसतं बसवलं असतं, पुस्तकं मांडून. म्हटलं असतं, चाळा. वाचू नका, चाळा. मग म्हटलं असतं, आता ज्याचा त्यानं एक प्रश्न काढा, छोटा, एवढासा, आणि मला लिहून दाखवा. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर आमच्या गल्लीत लोक वेळ कशावरनं ओळखायला लागले — चालेल. जुळे सोलापुरात जिथं आता फ्लॅट झालेत तिथं आधी काय होतं — तेही चालेल. प्रश्न बघितल्याशिवाय निबंध नाही. मग त्याच प्रश्नावर दोन ठिकाणी शोधा, एक पुस्तक आणि दुसरं काहीही, आणि दोघं वेगळं सांगत असतील तर मला येऊन सांगा, कोणाचं खरं वाटतं आणि का. बस्स. दहा पानं कशाला, दोन पुरेत. आणि काय शोधलं आणि नाही सापडलं, तेही लिहा, त्यालाही गुण. पोरं बघा कशी आली असती मग. त्यांना वाटतं ग्रंथालय म्हणजे शिक्षा, तुम्हीही तसंच वागवता. — मला कुणी विचारलं? मी सांगितलं नाही म्हणता? कुठं सांगू? स्टाफ मीटिंगला बघता ना तुम्ही, विषयपत्रिकेवर ग्रंथालय सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या आधी चहा येतो. चहा झाला की सगळे उठतात. पाहुणे आले की मात्र, मॅडम, सत्काराला एक पुस्तक काढून द्या, बरं दिसेल असं. तपासणीला नॅकवाले यायचे म्हटलं की, मॅडम, पोरांच्या सह्या वाढवा रजिस्टरात. तुमचा हा कागदसुद्धा त्यासाठीच आहे, होय ना? नाही? बरं, नाही तर नाही.

कोण? — शाइस्ता? मोडनिंबची? हां, आहे एक तशी. येत असेल की. एवढी पोरं येतात, मी कुणाकुणाकडं लक्ष देऊ? — आली होती का म्हणजे, आली असेल एखाद्या वेळेस. ती तिकडं खिडकीच्या कोपऱ्यात बसते, पंख्याखाली बसत नाही, ओढणी उडते म्हणते. सकाळच्या एसटीनं येते, माढ्यावरनं येणारी गाडी भरून असते म्हणून उभ्यानं येते, आल्या आल्या आधी बाटलीभर पाणी पिते आणि मग पुस्तकाची चिठ्ठी लिहिते. अक्षर मोठं मोठं, मोजून काढल्यासारखं. अब्बांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. एकदा गाडी चुकली म्हणून संध्याकाळपर्यंत इथंच — असं काय बघायलात? लक्षात राहतं माणसाच्या. माझं कामच आहे ते.

तर ती आली होती. ठीक आहे, आली होती. तुमच्या कागदानंतर चौथ्या-पाचव्या दिवशीच, बाकीच्यांचा पत्ता नव्हता तेव्हा. आणि ती पान विचारायला आली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, मिलमधी बायका कुठल्या खात्यात असायच्या, ते कशात मिळंल?" बघा, त्या सगळ्या वर्गात प्रश्न घेऊन आलेली ती एकटी. तुम्ही दिला नव्हता, तिनं तिचा तिनं काढला. मी चमकलेच. एवढ्या वर्षांत अशा प्रश्नानं माझ्याकडं आलेली पोरं मी बोटावर मोजीन. मग मी काय म्हटलं? म्हटलं की पुस्तक मिळणार नाही. — नाही, थांबा. नाही म्हटलं असेन. घाईत नुसतं 'नाही'च म्हटलं असेन. तिनं तसंच धरलं असणार. नाही म्हणजे नाही. परत आली दोन दिवसांनी, म्हणाली, मॅडम, आलं का? मी म्हटलं, कुठनं येणार? मग आणखी एकदा आली. मग नाही आली.

अहो, का नाही म्हटलं म्हणून काय विचारता? तुम्ही सिद्धलिंगप्पा सरांना बघितलं नाहीत. माझ्या आधी तेच ग्रंथपाल होते, मी त्यांच्या हाताखाली लागले. देवमाणूस. त्यांच्या काळात ही सगळी कपाटं उघडी होती, मुक्तद्वार म्हणतात तसं, ज्यानं त्यानं जाऊन हवं ते काढावं. पोरं कपाटापुढं मांडी घालून वाचत बसायची, सर त्यांच्यातनं वाट काढत जायचे. आणि रिटायर झाले तेव्हा पुस्तकांची मोजणी झाली. कमी भरली. भरणारच कमी, एवढी वर्षं उघडी होती. पण रजिस्टरला कोण समजावणार? सगळी सरांच्या नावावर लागली. पेन्शनचे कागद अडकले. मग तो माणूस रिटायर झाल्यावरही रोज यायचा सर, रोज, घरनं पिशवी घेऊन, आणि कपाटांच्या मागं हात घालून बघायचा, एखादं पडलंय का मागं. खाली वाकून बॅटरीनं बघायचा. मी म्हणायचे, सर, बसा, मी बघते, ते म्हणायचे, महानंदा, तू नको, तू तुझं काम कर. पोरं हसायची. चोर शोधायलेत का म्हणायची. ज्यांना त्यांनी आयुष्यभर पुस्तकं दिली, तीच पोरं. आमची अव्वा कानडीत म्हणायची, एन माडोदु, काय करायचं, नशीब. मी नशीब-बिशीब म्हटलं नाही. मी कुलपं आणली. माझ्या हातात चार्ज आला त्या आठवड्यात सगळ्या कपाटांना कुलपं घातली, आणि चिठ्ठी लिहून द्या, येडूमामा आणून देतील, असं सुरू केलं. आणि आता मे महिन्यात माझी मोजणी आहे. मे अखेर मी चालले. तुम्ही बरोबर त्याच्या तोंडावर साठ पोरं सोडलीत माझ्या कपाटांवर.

म्हणून मी ती बाजूला काढून ठेवली. — कुठली म्हणजे? गिरण्यांचीच. तुमचा कागद लागला त्याच संध्याकाळी. सगळी नाही, जी चांगली आहेत ती, जी परत बाजारात मिळायची नाहीत. हे काय, माझ्या मागच्या कपाटात. बाहेर ठेवली ती जुनी-पानी, ज्यात काही नाही अशी, आणि त्यातल्याच एकाचा नकाशा गेला बघा, म्हणजे मी बरोबरच केलं की नाही? जबाबदारी कोणाची आहे? तुमची? उद्या पुस्तक गेलं तर गुरु सरांच्या नावावर लागणार आहे का? नाही. मग? — ओरडा हवं तर.

काय? — काय म्हणालात? परत सांगा. टीसी? शाइस्तानं टीसी मागितला? कधी? — आज सकाळी? का पण? अहो, वर्ष संपायला आलंय, परीक्षेला बसायचं सोडून टीसी कशाला? — तुम्ही काय केलंत? शून्य दिलंत. बरं, शून्य तर अनुक्रमणिका उतरवली म्हणून अख्ख्या वर्गाला दिलंत ना, मग ती एकटीच — काय? वर्गात उभी करून? तिनं लिहिलं होतं की पुस्तक ग्रंथालयात नाही, आणि तुम्ही वर्गातल्या पडद्यावर कॅटलॉग लावून सगळ्यांना दाखवलंत की बघा, उपलब्ध आहे, ही खोटं बोलायली? सगळ्या वर्गासमोर? — मला विचारायला का नाही आलात आधी? एक जिना आहे सर मध्ये. एक जिना. आणि आता आलात, ती टीसी मागून बसल्यावर. — म्हणजे तिला खोटारडी ठरवलं ते तुम्ही नाही. माझ्या कॉम्प्युटरनं. मी भरलेलं. मीच 'उपलब्ध' लिहिलं आणि मीच नाही म्हटलं.

आणा इकडं तो निबंध. द्या ना. — हं. तेच अक्षर. 'ग्रंथालयात पुस्तक उपलब्ध नाही, म्हणून मी आजीला विचारले. माझी आजी अकबरी लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. तिथे सगळ्या बायकाच होत्या. तेलगू बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या आणि आम्ही. जेवणाच्या सुट्टीत भाकरी एकत्र खायच्या, पण पाणी आपापलं प्यायच्या.' — हे तुम्ही वाचलंत? आणि याला शून्य? का, तर खाली पाच संदर्भ नाहीत? अहो, पाणी आपापलं प्यायच्या, हे तुमच्या कुठल्या यादीत मिळालं असतं? अख्ख्या वर्गातनं खरं काम म्हणावं असं एवढं एकच तुमच्या हातात आलं होतं. आणि सांगू? त्या मागच्या कपाटातल्या एका पुस्तकात बायकांच्या खात्यावर अख्खं प्रकरण आहे. मी वाचलं ना. ती येऊन गेल्यावर. तिनं विचारलं म्हणून माझंच डोकं त्यात अडकलं, रोज डबा खाताना दोन-दोन पानं वाचली. त्यात लिहिलंय, त्या खात्यात पाण्याचं पिंप एकच होतं आणि सगळ्याजणी एकत्र प्यायच्या, कामगारांची एकी का काय म्हणून. आजी म्हणते आपापलं. मग खरं कोणाचं? हाच तर अभ्यास आहे सर. अर्धा तिच्या घरात होता आणि अर्धा माझ्या पाठीमागं, कुलपात. मी तो एकटीनं डब्याबरोबर खाल्ला. मला लाज वाटते. बस, आता आणखी काय सांगू?

टीसी नेला की संपलं. तुम्हाला काय वाटतं, परत पाठवतील? तिचे अब्बा वाईट नाहीत, पण मुलगी रडत घरी आली, सर खोटारडी म्हणाले म्हणाली, तर कुठला बाप म्हणेल जा परत? आणि टीसीला सगळ्या विभागांच्या सह्या लागतात. ग्रंथालयाची नो ड्यूजवरची सही सगळ्यात शेवटी. म्हणजे ती इथं येणार. आज येणार का उद्या — 

थांबा. आलीच. मागं बघू नका एकदम, घाबरेल. 

ये गं शाइस्ता. ये ना आत, दारात का उभी? सर आहेत, असू देत, ते तुला काही बोलणार नाहीत. आण कागद. — ऑफिसची झाली, जिमखान्याची झाली, प्रयोगशाळा तुला नाहीच. राहिलं ग्रंथालय. 'सदर विद्यार्थिनीकडे ग्रंथालयाचे काही येणे नाही.' बरोबर आहे. वर्षभरात एक पुस्तक तुझ्या नावावर गेलं नाही, येणं कुठलं असणार? — रडू नको. रडायचं ते तू नाही. येडूमामा, हे मागचं कपाट उघडा. हो, हेच. वरच्या खणात, निळ्या कापडाचं. जाड. आणा. — धर. अगं धर, दोन्ही हातांनी. हेच ते, तू मागत होतीस ते. होतं इथंच. मी नाही म्हटलं होतं. तू खोटं बोलली नव्हतीस, मी बोलले होते. कार्ड दे तुझं. — संदर्भाचं आहे, घरी न्यायचं नसतं, मला माहीत आहे, येडूमामा, तुम्ही मला शिकवू नका. लिहा तिच्या नावावर. — झालं. आता तुझ्या नावावर पुस्तक आहे. आणि नावावर पुस्तक असताना मला नो ड्यूजवर सही करता येत नाही. नियमच आहे तसा. घे तुझा कागद परत. — नाही, आज नाही. उद्याही नाही. अब्बांना सांग, लायब्ररीची बाई सही देईना, लई खडूस आहे. आधी ते बायकांचं प्रकरण आजीला वाचून दाखव, आणि तिला जे पटत नाही ते सगळं लिहून आण. मग बघू सहीचं. — हरवलं तर हरवलं. मे महिन्यात एक कमी भरेल, भरू दे. जा आता, तुझी एसटी जाईल.

गेली. — तुम्ही अजून बसलाय? वर जा आणि वर्गाला सांगा ती खोटं बोलली नव्हती म्हणून. कोण बोललं होतं तेही सांगा, माझं नाव घेऊन सांगा. — बाकीची? बाकीची पुस्तकं आज मिळणार नाहीत. आधी नवा कागद लिहा, इथं, माझ्यासमोर बसून, आणि पोरांच्या आधी तुम्ही या. — आत्ताच लिहायला बसता? आज नको. उठा सर. मला जरा एकटीला बसू द्या.